पेल्यावरच्या कविता



महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या भांड्यांवर बंदी आली. त्याआधी लग्नकार्यात, सभा-संमेलनांत आपण सगळेच त्या पांढऱ्या पेल्यातून चहा पीत होतो. चहा संपला की पेला टाकून द्यायचा सोडून त्यावर नखानं रेघोट्या ओढत बसायची मला खोड होती. नख सहज रुततं, अक्षरही उमटतं. कविसंमेलनात आपला नंबर यायची वाट पाहताना मी कितीदा तरी स्वतःचं नाव त्यावर कोरलं असेल.

अशाच पेल्यांवर ज्यांनी कविता लिहिल्या, त्या माणसांबद्दल आज बोलायचं आहे. त्यांच्याजवळ कागद नव्हता, पेन नव्हतं. जेवणाबरोबर पेला यायचा. त्यावर बारीक खड्यानं ओळी कोरायच्या, नाहीतर टूथपेस्टनं अक्षरं काढायची. मग तो पेला शेजारच्या कोठडीत, तिथून त्याच्या पुढच्या. रात्री कचरा गोळा व्हायचा, त्यात कविताही जायची. ज्याला पाठ झाली त्याच्याजवळ ती उरली.

ही जागा म्हणजे ग्वांतानामो. क्युबा बेटाच्या आग्नेय बाजूला ही खाडी आहे. १९०३ साली अमेरिकेनं ती नाविक तळासाठी भाड्यानं घेतली. १९३४ च्या कराराप्रमाणे दोन्ही देश राजी झाले, किंवा अमेरिका आपण होऊन निघून गेली, तरच हा भाडेपट्टा संपतो. वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर. फिडेल कास्ट्रोंच्या सरकारनं क्रांतीनंतर एक चेक वटवला, तोही गोंधळात वटवला गेला असं पुढे सांगितलं, आणि नंतरचे सगळे चेक नुसते ठेवून दिले. घरमालक-भाडेकरूंचे दावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, पण असा भाडेकरू मी पाहिला नाही.

चेकची गोष्ट गमतीची, पण त्यातली मेख गंभीर आहे. जमीन क्युबाची, ताबा अमेरिकेचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत जवळपास तीन हजार माणसं मारली गेली. त्यानंतर अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं आणि पकडलेल्यांना कुठं ठेवायचं हा प्रश्न आला. अमेरिकी सरकारनं ही खाडी निवडली. ही भूमी आमची नाही, म्हणून आमच्या न्यायालयांचा अधिकार इथं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. क्युबाच्या न्यायालयांचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे जिथं कुठल्याच न्यायाधीशाचा दरवाजा ठोठावता येणार नाही अशी जागा शोधून काढली गेली. ११ जानेवारी २००२ ला पहिले वीस कैदी तिथं उतरले. त्यांना उघड्यावरच्या जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवलं. पुढच्या काही वर्षांत एकूण ७८० जण तिथं आले. सगळे मुसलमान, आणि त्यांत मिसरूड न फुटलेली काही मुलंसुद्धा.

त्या पहिल्या दिवसांतलं एक छायाचित्र जगभर छापलं गेलं. तारेच्या कुंपणाआड नारिंगी कपड्यांतली, गुडघ्यांवर वाकलेली माणसं. आमच्या घरी येणाऱ्या मराठी पेपरातही ते आलं. आईला वाचता येत नव्हतं, ती चित्रं बघायची. तिनं चष्मा पुसून विचारलं, "नमाज पढतायत का रे हे?" मी म्हटलं, "नाही अम्मी, त्यांना तसं बसवलंय." ती पुढं काही बोलली नाही. पेपर मात्र तिनं त्या दिवशी रद्दीत टाकू दिला नाही.

ही माणसं तिथं पोचली कशी? अमेरिकी विमानांनी अफगाणिस्तानात पत्रकं टाकली होती. दहशतवादी पकडून द्या, कुटुंबाचा आणि गावाचा जन्मभराचा प्रश्न मिटेल एवढा पैसा मिळेल, अशा अर्थाची. न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विधी महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी अमेरिकी संरक्षण खात्याचेच कागद तपासले आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. कैद्यांपैकी अवघे पाच टक्के अमेरिकी सैन्यानं स्वतः पकडलेले होते. शहाऐंशी टक्के पाकिस्ताननं किंवा अफगाणिस्तानातल्या नॉर्दर्न अलायन्सनं पकडून दिलेले होते, आणि तेही बक्षिसं जाहीर झालेली असताना. जनरल मुशर्रफ यांनी आपल्या आत्मचरित्रात ३६९ जण अमेरिकेच्या हवाली केल्याचं आणि लाखो डॉलर बक्षीस मिळाल्याचं लिहून ठेवलं आहे, लपवलेलं नाही.

तिथं खरे गुन्हेगार नव्हतेच, असं मी म्हणणार नाही. ११ सप्टेंबरच्या कटाचा मुख्य आरोपी खालिद शेख मोहम्मद २००६ पासून तिथंच आहे. पण २०२५ सालापर्यंत त्याचाही खटला उभा राहिला नव्हता. मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक वाट पाहत म्हातारे झाले. आणि ७८० पैकी लष्करी आयोगानं दोषी ठरवलेल्यांची संख्या डझनभरसुद्धा भरत नाही.

आता कवींकडे येतो.

अब्दुर्रहीम मुस्लिम दोस्त हे पेशावरमध्ये राहणारे अफगाण. पश्तू कवी, पत्रकार. त्यांचे भाऊ बद्रुज्जमान बद्र इंग्रजी साहित्याचे पदवीधर. अमेरिकेनं १९९८ साली ओसामा बिन लादेनवर पन्नास लाख डॉलरचं इनाम लावलं, तेव्हा या भावांनी एक विडंबन छापलं. क्लिंटनना पकडून देणाऱ्याला पन्नास लाख अफगाणी इनाम! त्या वेळच्या भावानं ही रक्कम फक्त ११३ डॉलर होत होती. विनोद एवढाच. २००१ च्या अखेरीस दोघांना पकडलं गेलं आणि ग्वांतानामोच्या चौकशीत या विडंबनाबद्दल पुन्हा पुन्हा विचारणा झाली. हा क्लिंटन यांच्या जिवाला धोका होता का? दोघे परत परत सांगत राहिले, साहेब, तो विनोद आहे. विनोद समजावून सांगावा लागणं ही लेखकाला एरवीही शिक्षाच असते. इथं ती पायांत बेड्या घालून भोगायची होती.

याची चिमूटभर चव मी चाखली आहे. २००६ च्या जुलैमध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. त्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी कोजागिरीच्या कविसंमेलनात मी एक कविता वाचली. अंधार, कंदील, वाट बघणारी म्हातारी, असं काहीसं होतं. मसाला दूध घेताना एका निवृत्त गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. माणूस सज्जन, माझ्या कवितांना दाद देणारा. हळूच म्हणाले, "तुमच्या कवितेतला अंधार म्हणजे नेमका कुठला हो?" मी म्हटलं, "लोडशेडिंगचा, साहेब." दोघंही हसलो. सायकलवरून घरी येताना मात्र मला हसू येईना. माझ्या आधी एका मित्रानं अंधारावरच कविता वाचली होती, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

हा प्रश्न ग्वांतानामोत सरकारी धोरणच होऊन बसला होता. मार्क फॉल्कॉफ नावाचे एक अमेरिकी वकील तिथल्या सतरा येमेनी कैद्यांचं काम पाहत होते. त्यांनी इंग्रजी साहित्यात डॉक्टरेटही केलेली. पहिल्या वर्षानंतर कैद्यांना कागद-पेन मिळू लागलं होतं आणि अशिलांच्या पत्रांतून त्यांच्याकडे अरबी कविता येऊ लागल्या. त्यांनी इतर वकिलांना विचारलं, तर त्यांच्याकडेही कविता. पण कैद्याचा प्रत्येक कागद वॉशिंग्टनजवळच्या एका बंदोबस्तातल्या जागी जमा होई आणि लष्करानं तपासून सोडल्याशिवाय बाहेर येत नसे. कविता सोडायला लष्कर तयार नव्हतं. आशय आणि घाट या दोन्ही कारणांनी कविता हा प्रकार जास्त धोकादायक आहे, असं त्यांचं म्हणणं. ओळींत सांकेतिक निरोप दडलेला असला तर? आमच्या मराठी समीक्षकांनी आशय आणि घाट यांवर किती शाई खर्च केली! कवितेचा घाट एवढा प्रभावी असतो हे मात्र त्यांच्यापैकी कुणी इतक्या ठामपणे म्हटलं नव्हतं.

अखेर २००७ साली आयोवा विद्यापीठाच्या प्रकाशनानं सतरा कैद्यांच्या बावीस कवितांचं छोटंसं पुस्तक काढलं. दोस्त यांनी तुरुंगात पंचवीस हजार ओळी लिहिल्या होत्या. त्यांतला अगदी थोडा भाग त्यांना परत मिळाला. पुस्तकात सामी अल हाज आहे, अल जझीराचा सुदानी कॅमेरामन. २००१ च्या डिसेंबरात पकडलेला, २००८ च्या मे महिन्यात सुटलेला, शेवटचं वर्षभर उपोषणावर असलेला. आत्महत्येचे अनेक प्रयत्न केलेला बहारीनचा जुमा अल दोसारी आहे.

२०१० च्या सुमारास पुण्यातल्या एका प्राध्यापक मित्राकडे मला ते पुस्तक मिळालं. एका बैठकीत वाचलं आणि, खरं सांगतो, निराश झालो. कविता सपाट वाटल्या. दुःख होतं, राग होता, अल्लाची आळवणी होती. पण ओळ उभी राहत नव्हती. नंतर लक्षात आलं की मी कविता वाचतच नव्हतो. भाषांतर करायला साहित्यातले अनुवादक बसवता आले नव्हते. सुरक्षा खात्यानं पारखून घेतलेले दुभाषेच ते काम करू शकत होते. अरबी कसीद्यात प्रत्येक बैताचे दोन तुकडे, आणि पहिल्यापासून शेवटच्या बैतापर्यंत एकच यमक. गझल वाचणाऱ्याला काफिया म्हणजे काय हे सांगायला नको. तो काफिया काढून घेतला की उरतो फक्त जबाब. आणि बहुतेक मूळ कविता तर बाहेर आल्याच नाहीत, फक्त इंग्रजी आलं.

त्यांच्या कात्रीबद्दल आणखी एक सांगतो. मॉरिटानियाच्या मोहम्मदू उल्द स्लाही या कैद्यानं ग्वांतानामोत शिकलेल्या इंग्रजीत आपली हकीकत लिहिली. ती २०१५ साली छापली गेली तेव्हा पानोपानी लष्करानं मारलेल्या काळ्या पट्ट्या होत्या. एका ठिकाणी तर एकच शब्द झाकलेला. आगंमागं वाचून संपादकानं टिपेत अंदाज दिला आहे की, विश्वास बसणार नाही, पण तो शब्द 'अश्रू' असावा.

तुरुंगातली कविता म्हटलं की मराठी माणसाला अंदमान आठवतं. कागद नसताना भिंतीवर ओळी कोरायच्या आणि पाठ करायच्या, ही सावरकरांची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. मीही शिकलो, आणि त्यांच्या राजकारणाशी माझं भांडण असलं तरी त्या भिंतीपुढे मी मान लववतो. पण एक फरक आहे. त्यांना पन्नास वर्षांची शिक्षा झाली होती. परक्या सरकारची, अन्यायाची, पण शिक्षा. तिला आकडा होता, दिवस मोजता येत होते. ग्वांतानामोतल्या बहुतेकांवर ना आरोपपत्र, ना खटला, ना शिक्षा. दिवस मोजायचे ते कशातून वजा करायचे?

हेबियस कॉर्पसचा हक्क, म्हणजे मला कशासाठी डांबलं ते न्यायाधीशापुढं सांगा एवढंच मागण्याचा हक्क, या कैद्यांनाही आहे असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १२ जून २००८ ला दिला. पाच विरुद्ध चार. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयानं हाच दरवाजा बंद केला होता आणि न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले होते, तेव्हा आपणही फार नाक वर करायला नको. ज्याच्या नावानं हा खटला झाला तो लखदर बुमेदियन बोस्नियात रेड क्रेसेंटचं काम करायचा. बोस्नियाच्या न्यायालयानं सोडा म्हटलेलं असताना त्याला अमेरिकेच्या हवाली केलं गेलं. २००९ साली तो फ्रान्समध्ये मोकळा झाला, सात वर्षांनी. त्याच वर्षी ओबामांनी हा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला. अमेरिकी काँग्रेसनं तो होऊ दिला नाही. २०१८ साली ट्रम्प यांनी तुरुंग चालूच ठेवण्याचा आदेश काढला.

आता माझ्या वहीची गोष्ट.

कवितेचं भाषांतर करताना डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर मराठी लिहायची माझी पद्धत आहे. त्या पुस्तकातल्या चार-पाच कविता मी इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या. त्यांत एक समुद्राला उद्देशून होती. इब्राहिम अल रुबैश या सौदी तरुणाची. कैदी समुद्राला जाब विचारतो, तू आमच्या कोंडमाऱ्यात सामील आहेस का म्हणून. इंग्रजीतूनसुद्धा ती पोचत होती. मी तिच्यावर महिनाभर घालवला आणि २०११ साली एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात ती वाचली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं येऊन ती वहीत उतरवून घेतली.

२०१३ च्या जुलैमध्ये एका मित्राचा फोन आला. "पेपर बघितलास? तुझा तो समुद्रवाला." केरळातल्या कालिकत विद्यापीठानं पदवीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून तीच कविता काढून टाकली होती. कवी अल कायदात असल्याचं उघड झालं होतं. २००६ साली अमेरिकेनं त्याला सौदी अरेबियाला परत पाठवलं, तिथून तो येमेनला पळाला आणि अल कायदाच्या तिथल्या शाखेचा धर्मगुरू झाला. २०१५ च्या एप्रिलमध्ये ड्रोन हल्ल्यात मारला गेला. पुढे दोस्त यांचीही बातमी आली. २०१४ साली त्यांनी इस्लामिक स्टेटच्या म्होरक्याला निष्ठा वाहिली होती. नंतर त्यांचं त्या गटाशी फाटलं, पण निष्ठा वाहिली ती वाहिलीच.

त्या रात्री मी वही ट्रंकेत आईच्या जुन्या साड्यांखाली ठेवली. बायकोनं विचारलं, काय लपवताय? मी म्हटलं, काही नाही. ती उतरवून घेणारी मुलगी कोण, कुठल्या गावची, हे आठवायचा मी रात्रभर प्रयत्न करत होतो. तिच्या वहीत खाली माझं नाव लिहिलेलं असणार.

कालिकत विद्यापीठाबद्दल मला काय वाटतं? मला वाटतं घाई झाली. कवीनं पुढं काय केलं ते सांगून ती कविता शिकवता आली असती, उलट तास जास्त रंगला असता. पण हे आज इथं माइकपुढं बोलायला सोपं आहे. मी त्या समितीवर असतो, तर कविता काढण्याच्या कागदावर पहिली सही माझी असती आणि ती मी सगळ्यांत घाईनं केली असती.

बरेच दिवस मला राग होता तो त्या कवीवर. त्यानं मला तोंडघशी पाडलं होतं. मग हळूहळू कळलं की मी त्याच्या कवितेकडून भलतंच काम करून घेतलं होतं. ती वाचून मी त्याला मनोमन निर्दोष ठरवलं होतं. इतका व्याकूळ होणारा माणूस अपराधी कसा असेल, असं. आणि ती काढून टाकणाऱ्यांनी त्याच कवितेला दोषी ठरवलं. पकडला गेला तेव्हा या माणसानं काही केलं होतं का? केलं असेल तर शिक्षा का नाही? नसेल तर पाच वर्षं कशाची? हे शोधणं न्यायालयाचं काम होतं. पुरावा मांडायचा, उलटतपासणी घ्यायची, निकाल लिहायचा. ते कुणी केलंच नाही. पकडलं कशावरून ते सांगितलं नाही, सोडलं कशावरून तेही नाही. मग ते काम त्याच्या दीड पानाच्या कवितेच्या गळ्यात पडलं. तिला ते कसं झेपावं? कवितेत एवढंच होतं की एक माणूस कोंडलेला आहे आणि पलीकडे समुद्र आहे.

तो समुद्रही त्यांना दिसत नव्हता, हे मला फार नंतर कळलं. तुरुंग किनाऱ्यालगत, पण कुंपणांना हिरव्या ताडपत्र्या लावलेल्या. लाटा ऐकू यायच्या, वास यायचा. मन्सूर अदैफी हा येमेनी कैदी, क्रमांक ४४१, २०१६ साली सुटून सर्बियाला गेला. त्यानं लिहून ठेवलं आहे की २०१४ साली चक्रीवादळ येणार म्हणून त्या ताडपत्र्या काढाव्या लागल्या आणि काही दिवस समोर उघडा समुद्र होता. कैदी तासन्‌तास बघत बसले. अफगाणिस्तानला समुद्र नाही. तिथल्या कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा तो पाहिला. मग ताडपत्र्या परत लागल्या आणि लोक समुद्राची चित्रं काढू लागले. २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये त्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, त्याला नाव दिलं होतं त्याच समुद्राच्या कवितेचं. प्रदर्शन चालू असतानाच संरक्षण खात्यानं जाहीर केलं की कैद्यांची चित्रं ही सरकारी मालमत्ता आहे, यापुढं बाहेर जाणार नाहीत. ही बंदी उठायला २०२३ साल उजाडलं.

जानेवारी २०२५ मध्ये अकरा येमेनींना ओमानला पाठवण्यात आलं, तेव्हा त्या तुरुंगात पंधरा जण उरले होते.

मधे मी ट्रंक उघडली. साड्यांना वाळ्याचा वास होता, वहीलाही लागला होता. समुद्राच्या कवितेत दोन शब्द बदलले, एक ओळ खोडली, आणि खाली कवीचं पूर्ण नाव, तो कुठं कसा मेला ते सालासकट लिहिलं. मला अरबी वाचता येते, लहानपणी मौलवी साहेबांनी शिकवली. अर्थ कळत नाही, पण मोठ्यानं वाचली की लय कळते, काफिया कुठं येतो ते कळतं. तेवढं ऐकायला मिळालं असतं तरी बरीच दुरुस्ती करता आली असती. उजवीकडची पानं आता भरली आहेत. डावीकडची कोरी आहेत.